कवायतीच्या मैदानावर कोण उभे राहिले?



‘कवायत’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. मूळ शब्द ‘कवायद’, म्हणजे ‘कायदा’ याचे अनेकवचन. ‘कायदा’ कोर्टकचेरीत राहिला आणि त्याचे अनेकवचन मैदानावर जाऊन पायांना लागू झाले. २६ जानेवारीस तहसील कचेरीपुढे खाकी पोशाखातील मुलेमुली संचलन करतात, आपण टाळ्या वाजवितो आणि चहाला जातो. ही रांग प्रथम कोणी आखली, तीत कोणाला उभे केले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे कोणी विचारीत नाही. आज तेवढेच विचारावयाचे आहे. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्यांनी कवायतीवर का बोलावे, असे काहींच्या मनात येईल. पण कामगार आणि कवायत यांची ओळख जुनी आहे. १९०८ च्या जुलैत टिळकांना शिक्षा झाली, मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस संप केला, आणि त्यांच्या समोर जे लष्कर उभे राहिले ते कवायत शिकलेलेच होते.

प्रथम ही विद्या असते कशी ते पाहू. छात्रसैनिक मैदानावर आला की पहिला हुकूम सुटतो तो उंचीचा. लंबा दाहिने, छोटा बाएँ. सर्वांत उंच मुलगा उजव्या टोकाला, सर्वांत ठेंगणा डाव्या टोकाला, आणि बाकीचे उंचीप्रमाणे मध्ये. मग गिनती होते आणि एका रांगेच्या तीन रांगा होतात, त्या अशा बेताने की उंच मुले दोन्ही कडांना येतात व ठेंगणी मध्ये जातात. लांबून पाहणाराला पथक एकसारखे दिसते. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, चवडे तीस अंशांत उघडलेले, मुठी मांडीला लागलेल्या. विश्राममध्ये डावा पाय बारा इंच बाजूला. उजवीकडे वळावयाचे ते उजव्या टाचेवर आणि डाव्या चवड्यावर. तेज चलचे पाऊल तीस इंचांचे, मिनिटाला एकशेवीस पावले. म्हणजे मिनिटाला बरोबर शंभर यार्ड जमीन मागे पडते. हुकुमाचेही दोन भाग असतात. ‘दाहिने’ ही सूचना, मग क्षणभर थांबून ‘मुड़’ हा खरा हुकूम. त्या मधल्या क्षणात तीस जणांनी मनाने तयार होऊन शरीराने मात्र हलावयाचे नाही, हीच यातली अवघड गोष्ट आहे. खेड्यातल्या मराठी मुलाला ‘दाहिने’ म्हणजे उजवे हे अंगवळणी पडेपर्यंत काही दिवस जातातच, आणि त्या दिवसांत शेजाऱ्याच्या नाकावर नाक येण्याचे प्रसंग घडतात. सेनेतून आलेल्या हवालदार-शिक्षकाला मुले ‘उस्ताद’ म्हणतात. उस्तादाला हसू येते, पण तो हसत नाही.

उंचीच्या या हुकुमाकडे आम्हांला आपले लक्ष वेधावयाचे आहे. गावाच्या पंक्तीत कोण कोठे बसणार, विहिरीवर कोण आधी पोहरा सोडणार, हे शेकडो वर्षे जातीने ठरत आले. शहापूर तालुक्यात मुलगा गावठाणातला की पाड्यावरचा, हे त्याच्या चपलेवरून, आणि चप्पल नसेल तर अधिकच लवकर ओळखू येते. कवायतीच्या रांगेत मात्र ठाकराचा उंच पोरगा उजव्या टोकाला उभा राहतो आणि सावकाराचा ठेंगणा मुलगा मधल्या रांगेत जातो. हा नियम समतेसाठी कोणी केलेला नाही. पथक दिसावयाला बरे दिसावे म्हणून केलेला आहे. पण त्याचा परिणाम काय होतो तो होतोच. अर्थात त्यासाठी ठाकराचा पोरगा मैदानावर यावा लागतो, आणि आमची हकीकत येथूनच सुरू होते.

मराठी मुलखात कवायती फौज आली ती पगारी म्हणून आली. इब्राहिमखान गारदी हा फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला. तो पुढे पेशव्यांच्या चाकरीत आला आणि १७६१ साली पानिपतावर त्याच्या पलटणींनी शर्थ केली. बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनीच नारायणराव पेशव्याचा खून केला. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला याची चर्चा मराठी माणूस आजही चवीने करतो. पण गारदी वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराची ओरड करीत, ही गोष्ट त्या चर्चेत मागे पडते. आम्हां संघटनेच्या माणसांच्या डोळ्यांत तीच आधी भरते. पुढे १७८४ पासून महादजी शिंद्यांनी द बॉय्नकडून कंपू उभे करविले व त्यांच्या बळावर उत्तर हिंदुस्थान हलविला. मात्र हुकूम देणारे परके होते. १८०३ च्या इंग्रजांशी झालेल्या युद्धात कित्येक युरोपीय अंमलदार ऐन वेळी चाकरी सोडून गेले. शिपाई मात्र असईच्या रणात तोफांपाशी उभे राहून मेले.

इंग्रजांच्या मुंबई फौजेत कोकणातले महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १८९० नंतरच्या काही वर्षांत ‘लढाऊ जाती’ नावाचे एक शास्त्र निघाले आणि त्यांची भरती बंद झाली. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. अर्जाचा उपयोग झाला नाही, पण पेन्शनीत निघालेल्या शिपायांच्या अंगात मुरलेली कवायत सरकारला परत घेता येत नव्हती. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास समता सैनिक दल उभे राहिले, तेव्हा कोकणातल्या अशा जुन्या फौजी माणसांचा आधार चळवळीला मोठा होता. ज्यांना रांगेतून काढले त्यांनी स्वतःची रांग केली. बाबासाहेब स्वतः सुभेदाराचे चिरंजीव होते, हे येथे आठवावे.

आता विद्यार्थ्यांकडे येऊ. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये विद्यापीठांतून ‘युनिव्हर्सिटी कोअर’ निघाले. १९२० च्या कायद्याने त्याचे ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झाले, आणि १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, अधिकारी घडविण्याची निकड लागली म्हणून ‘ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’. नावे बदलली, दार मात्र एकच राहिले, ते कॉलेजचे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत तेव्हा कॉलेज कोठले? मुंबईपासून रेल्वेने काही तासांच्या आत असलेला हा मुलूख मुंबईला तानशाचे पाणी देत होता, गवत, कोळसा आणि लाकूड देत होता, घरगडी देत होता. छात्रसैनिक देण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या काळी कवायतीचा मोह सर्वांनाच पडला होता. कलकत्ता विद्यापीठाच्या पथकात कवायत शिकलेले सुभाषबाबू १९२८ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये स्वयंसेवकांचे सेनापती म्हणून लष्करी पोशाखात वावरले. त्याच अधिवेशनात हजारो कामगार मोर्चाने मंडपात शिरले, जवळजवळ दोन तास मंडप ताब्यात ठेवून त्यांनी पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव केला आणि आले तसे निघून गेले. बूट कोणाच्या पायांत होते आणि पाऊल कोणाचे पुढे पडले, याचा विचार आपण करावा. आपल्याकडे डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ पासून हिंदुस्थानी सेवा दल चालविले. १९४१ मध्ये एस. एम. जोशी राष्ट्र सेवा दलाचे प्रमुख झाले. डॉ. मुंजे १९३१ साली इटलीला गेले, मुसोलिनीच्या राजवटीत तेथल्या मुलांना कशी लष्करी शिकवण देतात ते पाहून प्रभावित झाले, आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल निघाले. हिंदी मुलांना लष्करी शिक्षण मिळावे ही डॉक्टरांची तळमळ खरी होती. पण इटलीतल्या त्या मुलांचे पुढे काय झाले हे जगाने पाहिले आहे, आणि म्हणून आम्ही त्या नमुन्याच्या बाजूने बोलू शकत नाही.

याच वर्षांत मुरबाडच्या डोंगरात एक गोष्ट घडली, तिला कवायतीच्या इतिहासात जागा नाही, पण आमच्या या हकीकतीत आहे. भाई कोतवाल हे माथेरानच्या नाभिक कुटुंबातले, वकील झालेले गृहस्थ. शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. मनोरा पडला की गिरणीची चाके थांबत. या दस्त्यात शेतकऱ्यांची पोरे होती; कोणी त्यांना सावधान-विश्राम शिकविले नव्हते. पण रात्रीच्या रानात आवाज न करता चालावयाचे, ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचावयाचे, आणि धरले गेल्यावर तोंड उघडावयाचे नाही, एवढी शिस्त त्यांच्यापाशी होती. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी वेढा दिला आणि त्यात भाई कोतवाल व हिराजी पाटील मारले गेले. त्या पहाटे हुकमी पावलांनी चालणारे होते ते सरकारचे शिपाई.

तीन वर्षांनी पारडे फिरले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वरच्या नाविकांनी काम बंद केले. साम्राज्याने ज्यांना पाऊल टाकावयास शिकविले तेच खलाशी मुंबईच्या रस्त्यांतून मिरवणुकीने निघाले. २२ तारखेस गिरणीकामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी बाहेर पडले. गोरे सैन्य रस्त्यावर आले, आणि त्या दोन-तीन दिवसांत दोनशेहून अधिक माणसे गोळ्यांनी पडली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात, विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण कसे द्यावे हे ठरविण्यासाठी पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कुंझरू हे गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे. १९२० मध्ये आयटक उभी करण्यात पुढाकार घेणारे आमचे ना. म. जोशीही कित्येक वर्षे त्याच समाजाचे सभासद होते. कवायतीचा आराखडा कोणा सेनापतीने न करता एका उदारमतवादी समाजसेवकाने केला, याचे आम्हांला समाधान वाटते.

समितीने १९४७ मध्ये अहवाल दिला, १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ रोजी छात्रसेना सुरू झाली. कॉलेजसाठी वरिष्ठ विभाग, शाळांसाठी कनिष्ठ विभाग. या कायद्यातले एक कलम फार मोलाचे आहे: छात्रसैनिक झाला म्हणून कोणावर प्रत्यक्ष सैन्यात जाण्याची सक्ती येत नाही. म्हणजे ही रांग लष्करासाठी माणसे धरून नेणारी नव्हती. १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला, पुढे हवाई व नौदलाच्या शाखा आल्या. ज्या शाळांपर्यंत छात्रसेना पोचत नव्हती तेथे त्या दशकात ए. सी. सी. नावाची धाकटी बहीण काढण्यात आली. मुलींच्या विभागाबद्दल आणखी एक शब्द. घरात ‘मान खाली घालून चाल’ असे ऐकत वाढलेल्या मुलीला येथे पहिल्याच दिवशी सांगतात की हनुवटी वर आणि नजर समोर. हे एवढे वाक्य शिकविण्यासाठी देखील सरकारने पैसा खर्च करावा, असे आमचे मत आहे.

मग १९६२ चे चीन युद्ध आले. पराभवाने देश हादरला आणि १९६३ पासून कॉलेजातील मुलांना छात्रसेना सक्तीची झाली. जे काम हौसेने होत होते ते हजेरीने होऊ लागले. मुलांची संख्या एकदम फुगली. शिकविणारे, रायफली, गणवेश, मैदाने, सारेच कमी पडले. कवायतीपुरत्या, गोळी न झाडणाऱ्या रायफली असतात, त्या देखील हाताला येईनात. प्राध्यापकांना घाईघाईने तयार करून खाकी चढविली गेली. परेड चुकविण्याच्या युक्त्या हा कॉलेजातला एक स्वतंत्र विषय झाला. अखेर १९६८ मध्ये सक्ती उठली. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, राष्ट्रीय सेवा योजना सदतीस विद्यापीठांत सुरू झाली आणि मुलांना निवड मिळाली.

या सक्तीवर पुष्कळांनी टीका केली आहे, पण एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. सक्ती होती ती कॉलेजातल्या मुलांवर. शहापूर-मुरबाडच्या रानातला पोरगा, जो पहाटे डोंगर चढून उतरतो, ज्याला उन्हाचे काही वाटत नाही, ज्याने फुकट मिळणाऱ्या बुटांसाठी आणि परेडनंतरच्या नाश्त्यासाठी आनंदाने चार कोस तुडविले असते, त्याच्यावर सक्ती नव्हती आणि त्याला संधीही नव्हती. ज्यांना नको होती त्यांच्या गळ्यात बांधली, ज्यांना हवी होती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. सरकारी वाटपाचा हा प्रकार रेशनपासून रायफलीपर्यंत सारखाच दिसतो.

आज दोन्ही तालुक्यांत महाविद्यालये आहेत, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत, रांगा लावून रोज सकाळी प्रार्थना होते. छात्रसेनेच्या ‘अ’, ‘ब’, ‘क’ प्रमाणपत्रांना पोलीस भरतीत आणि सैन्याच्या भरतीत वाढीव गुण आहेत, त्यामुळे कवायतीला आता भाकरीचा भाव आला आहे. भरतीच्या आधी पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली आपण पाहिली असतील. त्यांना कोणी देशभक्तीचे व्याख्यान देऊ नये. ती नोकरीसाठी धावत आहेत आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पगारासाठी कवायत करणे ही या मुलखाची जुनीच रीत आहे, फक्त पगार वेळेवर मिळावा.

अडचण निराळी आहे. छात्रसेनेचे पथक शाळेला मिळावयाचे तर मैदान हवे, आणि एक शिक्षक प्रशिक्षणासाठी मोकळा हवा. पुरुष शिक्षकांचे प्रशिक्षण नागपूरजवळ कामठीला होते, महिलांचे ग्वाल्हेरला. शहरातल्या शाळेला एक शिक्षक गेल्याने फरक पडत नाही. पाड्यावरच्या शाळेत शिक्षकच दोन. त्यातला एक कामठीला गेला तर चार इयत्ता दुसऱ्याने सांभाळावयाच्या. मोठ्या गावच्या हायस्कूललाही हिशेब करावाच लागतो.

आणि त्याहून मोठी अडचण पंचांगाची आहे. कवायतीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पंधरा ऑगस्टला रांग भरलेली असते. दिवाळी झाली की कातकऱ्यांची कुटुंबे अंगावर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पाऊस लागेपर्यंत परतत नाहीत. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली. उचल बंद झाली नाही. आईबापांबरोबर मुलेही जातात. ऑगस्टात जो मुलगा मधल्या रांगेत छाती काढून उभा असतो, तो सव्वीस जानेवारीला भट्टीवर कच्च्या विटा उलटीत असतो. उस्ताद उरलेल्या मुलांना पुन्हा कदवार उभे करतो, गिनती पुन्हा होते, आणि पथक पुन्हा एकसारखे दिसू लागते. मध्ये कोणी गळले आहे हे मांडवात बसलेल्या पाहुण्यांना कळण्याचे कारण नाही. रांगेची रचनाच तशी आहे. गणवेशाला कडकपणा यावा म्हणून कांजी लावतात, ती तांदळाची. भट्टीवरच्या घरात त्याच तांदळाची पेज असते.

समारंभाबद्दल थोडे बोलून संपवितो. छात्रसैनिकाला सलामी शस्त्र शिकवितात तसे शोक शस्त्रही शिकवितात. रायफल उलटी होते, नळी जमिनीकडे येते, हात तिच्यावर येतात आणि मान खाली झुकते. साऱ्या कवायतीत मान खाली घालण्याचा हुकूम हा एवढाच. तो कोणासाठी द्यावयाचा हे मात्र कवायतीच्या पुस्तकात नसते. ते त्या त्या काळचे सरकार ठरविते. ज्या सरकारच्या शिपायांनी भाई कोतवालांवर गोळी झाडली ते सरकार गेले, आणि दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडच्या स्मारकापाशी माणसे पहाटेच्या थंडीत त्यांच्या नावाने उभी राहतात. १ मे रोजी तर एकाच सकाळी दोन संचलने निघतात. १९६० सालच्या त्या तारखेला महाराष्ट्र राज्य झाले म्हणून एक, आणि जगभरच्या कामगारांचा दिवस म्हणून दुसरे. एकात पाऊल तीस इंचांचे असते, दुसऱ्यात ज्याचे त्याचे. दोन्ही पाहणारांना आमचे सांगणे आहे की दोन्हींत भट्टीवरचा माणूस नसतो. मे महिन्यात भट्टी ऐन भरात असते.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू झाली आणि दिवाळीनंतर मुलगा तेथे राहिला, तर तो जानेवारीच्या रांगेत दिसेल; त्यासाठी ऑगस्टातच पालकांशी बोलावे लागते आणि जिल्हा परिषदेच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. ज्यांच्या शब्दाने असे अर्ज पुढे सरकतात, अशी काही मंडळी या सभागृहात बसली असतील. व्याख्यानानंतर आम्ही दाराशी थांबणार आहोत. त्यांनी कृपा करून चहाला जाण्यापूर्वी भेटावे.